प्रवाह की हमाल? माशीच्या अंडाशयातील तंतुकणिकांच्या प्रवासाविषयी

इंदूरहून आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. केळ्याच्या सापळ्यात धरलेल्या फळमाश्यांची अंडाशये काढून आपण तंतुकणिकांना, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांना, चमकणारा रंग दिला आणि अंडपेशीला सामग्री पुरवणाऱ्या पोषक पेशींकडून अंडपेशीकडे सरकणारे ठिपके आपल्याला स्पष्ट दिसले. सूक्ष्मनलिका, म्हणजे पेशीतले नळीसारखे बारीक धागे, मोडणारे कोल्चिसिन घातल्यावर हे सरकणे थांबले. तेव्हा मोटर प्रथिने, म्हणजे पेशीतला माल ओढणारी प्रथिने, सूक्ष्मनलिकांवरून तंतुकणिका वाहून नेतात हे सिद्ध झाले, असे प्रबंधात लिहावे काय?

माझे उत्तर, एवढ्या पुराव्यावर लिहू नये असे आहे. आपले निरीक्षण चुकलेले नाही. बहुधा ते चांगलेच आहे. पण आपण दोन प्रश्न एकाच वाक्यात घातले आहेत. ठिपका हलला, हा एक प्रश्न. त्याला कोणी उचलून नेले, की तो ज्या पेशीद्रवात होता ते पेशीद्रवच पुढे गेले, हा दुसरा. कोल्चिसिन पहिल्या प्रश्नाबद्दल काही सांगते. दुसऱ्याबद्दल ते जवळपास मुके आहे. मी बडोद्यात अनेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवले आणि त्यातला बराच काळ सूक्ष्मदर्शकाखाली माश्यांची आणि ढेकणांची अंडाशये पाहण्यात गेला. या दोन प्रश्नांची गल्लत मी स्वतः केलेली आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आमच्याकडे काळ्या घोड्याजवळच्या पुलावर उभे राहून विश्वामित्रीकडे पाहिले की जलपर्णीचे पुंजके एका दिशेने संथ जाताना दिसतात. त्याच पाण्यात मगरी आहेत. पुंजका स्वतः जात नाही, नदी जाते. मगर मात्र मनात आले तर आडवी जाते, उलटी जाते, थांबते. अडचण अशी की बहुतेक वेळा मगरीच्याही मनात काही येत नसते आणि तीही ओंडक्यासारखी वाहत असते. तंतुकणिकांचे नेमके हेच आहे. त्यांना मोटर प्रथिने जोडलेली असतात हे पक्के ठाऊक आहे. पण आपण पाहिलेल्या त्या क्षणी, त्या जागी त्या पोहत होत्या की वाहत होत्या, हे वेगळे दाखवावे लागते.

आधी कीटक कोणता आणि अवस्था कोणती, यावर काय काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण “कीटकांच्या अंडाशयात असे असते” हे वाक्य मुळातच धोक्याचे आहे. झुरळ आणि नाकतोडा यांच्या अंडाशयात पोषक पेशी नसतातच. अंडपेशी आपली सामग्री बव्हंशी स्वतः तयार करते. माशी, पतंग आणि मधमाशी यांच्यात प्रत्येक अंडपेशीला तिच्या पोषक पेशी अगदी लगत लाभलेल्या असतात. कापसावरच्या लाल ढेकणात, जो आमच्याकडे करजण भागातल्या शेतांत आणि घराच्या परसातल्या भेंडीवरही हमखास सापडतो, सगळ्या पोषक पेशी अंडनळीच्या टोकाला एकत्र असतात आणि तेथून प्रत्येक वाढत्या अंडपेशीपर्यंत एकेक लांब पोषकरज्जू येतो. त्या रज्जूचा आडवा छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर समांतर सूक्ष्मनलिका हजारोंनी खच्चून भरलेल्या दिसतात. तेथे आपला प्रश्न विचारायचा तर उत्तर वेगळ्या मार्गाने शोधावे लागेल. अमेरिकेतल्या सेक्रोपिया पतंगात तर 1970 च्या दशकापासून असे दाखवले गेले आहे की पोषक पेशी आणि अंडपेशी यांच्यात विद्युत विभवाचा फरक असतो आणि प्रथिनाच्या भारानुसार त्याचा मार्ग ठरतो. लायसोझाइम हे धनभारित प्रथिन पोषक पेशीत टोचले तर ते अंडपेशीत जात नाही, आणि त्याच प्रथिनाचा भार रासायनिक प्रक्रियेने उलटवला तर जाते. हे प्रथिनांचे झाले. तंतुकणिकेएवढ्या धुडाला तो नियम लावण्याचे धाडस मी करणार नाही.

आपल्या सापळ्यातल्या माश्यांबद्दलही एक सूचना. आपल्याकडे केळ्यावर येणाऱ्या माश्या एकाच जातीच्या नसतात. डोक्यापासून छातीपर्यंत पांढऱ्या रेघा असलेली झॅप्रिओनस त्यांत बहुधा असतेच, आणि बाकीच्यांतही ड्रोसोफिला या नेहमीच्या फळमाशीच्या दोन-तीन जाती मिसळलेल्या असतात. अंडाशयाची रचना सगळ्यांची सारखीच आहे, त्यामुळे निरीक्षण फुकट जात नाही. पण पुस्तकात जे वेग आणि जी मापे दिलेली असतात ती बहुतेक मेलॅनोगॅस्टर जातीची असतात. एका गर्भिणी मादीपासून वाढवलेली वंशरेषा वापरावी आणि जात नोंदवावी.

आता रचना. ड्रोसोफिलाच्या अंडनळीच्या टोकाला एका पेशीचे चार वेळा विभाजन होते, पण पेशी एकमेकींपासून पूर्ण तुटत नाहीत. म्हणून सोळा पेशींचे, पंधरा जोडमार्गांनी बांधलेले कुटुंब तयार होते. या जोडमार्गांना प्रयोगशाळेत सगळे रिंग कॅनालच म्हणतात. सोळांपैकी दोघींना चार-चार रिंग कॅनाल असतात; त्या दोघींतली एक अंडपेशी होते आणि उरलेल्या पंधरा पोषक पेशी होतात. दाव्याने बांधलेल्या गाईंसारखी ही मंडळी शेवटपर्यंत जोडलेलीच राहतात. रिंग कॅनाल सुरुवातीला अगदी अरुंद असतात आणि वाढत वाढत 10 मायक्रोमीटरच्या आसपास रुंद होतात.

या मार्गांतून सामग्री जाण्याचे एक नव्हे, निदान तीन प्रकार आहेत, आणि ते वयानुसार बदलतात.

पहिला प्रकार अगदी कोवळ्या अवस्थेतला. येथे सूक्ष्मनलिकांचे एकच जाळे रिंग कॅनालमधून सगळ्या पेशींत पसरलेले असते आणि डायनीन हे मोटर प्रथिन, बायकॉडल-डी आणि इगॅलिटेरियन या जोडप्रथिनांसह, निवडक माल अंडपेशीकडे आणते. ही जोडप्रथिने निकामी केली तर अंडपेशी ठरतच नाही आणि सोळाच्या सोळा पेशी पोषक पेशी होतात. माशीला कोल्चिसिन खाऊ घातले तरी असाच परिणाम दिसतो. म्हणून एक गोष्ट आताच सांगून ठेवतो: माशीला कोल्चिसिन चारणे आणि काढलेल्या अंडाशयावर कोल्चिसिन टाकणे हे एकच प्रयोग नव्हेत. पहिल्यात आपण आठवडाभराची वाढ बिघडवता आणि मग बिघडलेली रचना पाहता. दुसऱ्यात चालू असलेली हालचाल थांबते का ते पाहता. आपण कोणते केले हे प्रश्नात लिहिलेले नाही. दुसरे केले असावे असे धरून चाललो आहे.

या कोवळ्या अवस्थेत तंतुकणिकांचा खरोखर हमाली प्रवास होतो याचा चांगला पुरावा 2006 साली पुढे आला. मिल्टन नावाचे प्रथिन तंतुकणिकेला कायनेसिन या दुसऱ्या मोटरशी जोडते. मिल्टनचे किंवा कायनेसिनचे काही जनुकभेद घेतले तर तंतुकणिका अंडपेशीत कमी येण्याऐवजी वेळेआधी आणि वाजवीपेक्षा जास्त येतात. म्हणजे एक मोटर पुढे ओढत होती, दुसरी मागे धरून होती, आणि मागची सुटल्यावर गाडी उतारावर धावली. पुराव्याचे बळ त्या उलट्या निकालात आहे. केवळ “थांबले” एवढाच निकाल असता तर त्याची दहा कारणे देता आली असती.

दुसरा प्रकार मधल्या अवस्थांतला, म्हणजे अंडपेशी पुटकाच्या, म्हणजे ती आणि तिच्या पोषक पेशी मिळून होणाऱ्या पिशवीच्या, तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत वाढते तो काळ. आपले व्हिडिओ बहुधा याच काळातले आहेत, आणि खरी गुंतागुंत येथेच आहे. वर्षानुवर्षे आम्ही वर्गात असे शिकवत आलो की येथेही डायनीन प्रत्येक तंतुकणिकेला धरून सूक्ष्मनलिकेवरून चालते. अलीकडच्या कामाने, विशेषतः 2022 मध्ये शिकागोच्या एका प्रयोगशाळेतून आलेल्या निबंधाने, या चित्रात मोठी दुरुस्ती केली. पोषक पेशीच्या कडेला, म्हणजे पटलालगत, डायनीन स्वतःच बांधलेले असते. चालायला जागा नसल्यामुळे ते जागच्या जागी पाय मारते आणि सूक्ष्मनलिकाच मागे सरकवते. सरकत्या नलिका आजूबाजूचे पेशीद्रव ढवळून पुढे नेतात आणि त्या ओघात तंतुकणिका आणि गॉल्गी पिंडच नव्हे, तर ज्यांना कोणतीही मोटर जोडलेली नाही असे मुद्दाम पेशीत तयार करवलेले निष्क्रिय कणसुद्धा रिंग कॅनालमधून अंडपेशीत जातात.

याचा आपल्या प्रयोगाशी संबंध लक्षात आला असेल. कोल्चिसिनने सूक्ष्मनलिका मोडल्या तर हमालाचा रस्ता जातो, आणि प्रवाह निर्माण करणारी वल्हीही जातात. दोन्ही शक्यतांचे भाकीत एकच आहे: हालचाल थांबेल. जो प्रयोग दोन्ही बाजूंना एकच उत्तर देतो, तो त्यांच्यात निवाडा करू शकत नाही. एवढेच नव्हे, उद्या आपल्याला डायनीन निकामी केलेली माशी मिळाली आणि त्यातही हालचाल थांबली, तरी निवाडा होणार नाही, कारण डायनीन दोन्ही पक्षांत साक्षीदार आहे. सोडियम अझाइडने ऊर्जाच तोडणे तर सर्वांत निरुपयोगी. त्याने पेशी मरणपंथाला लागते, इतकेच कळते.

तिसरा प्रकार शेवटचा आणि सर्वांत नाट्यमय. अंडपेशीने निम्मे पुटक व्यापल्यावर, म्हणजे पुटकाच्या वाढीच्या क्रमांकित टप्प्यांतल्या 10ब अवस्थेच्या पुढे, पोषक पेशी आपले उरलेले सारे पेशीद्रव सुमारे अर्ध्या तासात अंडपेशीत ओततात. येथे सूक्ष्मनलिकांचे काम नाही. कोल्चिसिन घातले तरी ओतणे चालू राहते, सायटोकॅलेसिनने ॲक्टिन, म्हणजे पेशीतले दुसऱ्या प्रकारचे तंतू, बिघडवले तर मात्र अडते. 2021 च्या एका अभ्यासात दाखवले गेले की पहिला ओघ केवळ दाबाच्या फरकाने सुरू होतो: लहान पेशीत दाब अधिक, म्हणून अंडपेशीपासून दूर असलेल्या लहान पेशी आधी मोठ्यांत रिकाम्या होतात. एका नळीच्या दोन टोकांना एक लहान आणि एक मोठा फुगा लावला की लहान फुगा मोठ्यात रिकामा होतो, ते हेच. ॲक्टिनला ओढणाऱ्या मायोसिन या प्रथिनाच्या आकुंचनाच्या लाटा नंतर येऊन उरलेले पिळून काढतात. ओतणे सुरू होण्यापूर्वी प्रत्येक पोषक केंद्रकाभोवती ॲक्टिनच्या जुड्यांचा पिंजरा उभा राहतो, तो केंद्रकाला जागेवर धरण्यासाठी. ज्या जनुकभेदांत हा पिंजरा उभा राहत नाही, तेथे भलेमोठे केंद्रक वाहत येऊन रिंग कॅनालच्या तोंडात बुचासारखे बसते आणि अंडे खुजे राहते. मोरीच्या जाळीत चेंडू अडकावा तसे ते दृश्य मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा बराच वेळ सूक्ष्मदर्शकापासून उठलो नव्हतो.

म्हणजे आतापर्यंतचा हिशेब असा: कोवळ्या पुटकात निवडक हमाली, मधल्या काळात हमाली आणि प्रवाह यांची सरमिसळ, शेवटी उघड ओतणे. आपल्या व्हिडिओवर अवस्थेची नोंद नसेल तर त्याचा अर्थच लावता येणार नाही.

प्रसरण, म्हणजे आपोआप पसरणे, याचा विचार मात्र एका आकड्याने मिटवता येतो. एक मायक्रोमीटर व्यासाचा कण साध्या पाण्यात ठेवला तर त्याचा प्रसरणांक सेकंदाला सुमारे 0.4 चौरस मायक्रोमीटर येतो. 100 मायक्रोमीटर अंतरासाठी अंतराचा वर्ग भागिले प्रसरणांकाची दुप्पट, म्हणजे 12,500 सेकंद, जवळजवळ साडेतीन तास. पेशीद्रव अशा कणाला पाण्याच्या शंभरपट दाट आहे असे धरले तर दोन आठवडे. अंड्याची सगळी वाढच साधारण आठवड्याभरात उरकते. तेव्हा प्रसरण बाजूला ठेवावे.

मग प्रवाह आणि हमाली वेगळे कसे करावे? माझा भर औषधांपेक्षा मापनावर आहे, आणि त्यातही एका अगदी साध्या मापनावर. नदी पुलाखाली अरुंद झाली की पाणी वेगाने जाते आणि पुढे पात्र रुंदावले की संथ होते, कारण तेवढेच पाणी तेवढ्याच वेळात जायचे असते. समजा पोषक पेशी 50 मायक्रोमीटर रुंद आहे आणि रिंग कॅनाल 8. क्षेत्रफळांचे गुणोत्तर 2500 भागिले 64, म्हणजे सुमारे 39. शुद्ध प्रवाह असेल तर रिंग कॅनालमधला वेग आणि पेशीच्या पोटातला वेग यांत एवढ्या पटींचा फरक पडायला हवा. प्रत्यक्षात पेशी केंद्रकाने भरलेली असल्यामुळे इतका पडणार नाही, पण ठळक पडेल. सूक्ष्मनलिकेवर चालणाऱ्या मोटरला मात्र रस्त्याशेजारची भिंत जवळ आहे की दूर, याचे देणेघेणे नसते. ती आपल्या चालीने चालते, मध्ये थांबते, पुन्हा निघते, कधी माघारी फिरते.

म्हणून एक रेषा रिंग कॅनालच्या मध्यातून आणि दुसरी त्याच्या पलीकडे 20 मायक्रोमीटरवर घ्यावी आणि दोन्हींवर निदान तीस-तीस ठिपक्यांचे वेग काढावेत. सगळे ठिपके एका चालीने, एका दिशेने, अरुंद जागी वेगात आणि रुंद जागी मंद जात असतील तर ती जलपर्णी आहे. शेजारचे दोन ठिपके वेगवेगळ्या वेगाने जात असतील, एकाने दुसऱ्याला मागे टाकले असेल किंवा प्रवाहाविरुद्ध काही मायक्रोमीटर सरळ रेषेत धाव घेतली असेल, तर ती मगर.

यासाठी चित्रांमधले अंतर कमी हवे. सेकंदाला अर्धा मायक्रोमीटर जाणारा ठिपका पाच सेकंदांत अडीच मायक्रोमीटर सरकतो, आणि तंतुकणिकांच्या दाटीत पुढच्या चित्रातला तो ठिपका हाच, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. सेकंदाला एक तरी चित्र घ्यावे. मात्र प्रकाश जितका जास्त तितका रंगवलेल्या तंतुकणिकांना त्रास जास्त. लांबट, अळीसारख्या दिसणाऱ्या तंतुकणिका गोल मण्यांसारख्या होऊ लागल्या की त्या पुटकाचे पुढचे चित्रण टाकून द्यावे. ते मोह न धरता टाकावे.

सोबतीला दुसरा कोणताही कण हवा, हा माझा दुसरा आग्रह. निष्क्रिय कण पेशीत तयार करवणाऱ्या जनुकीय माश्या आपल्याकडे नाहीत, आणि रानातल्या जातींत ती साधने चालणारही नाहीत. पण नाइल रेडने मेदबिंदू रंगवता येतात. मेदबिंदूंनाही मोटर जोडलेल्या असू शकतात, त्यामुळे तो अगदी निष्पक्ष पंच नव्हे. तरीही दोन वेगळ्या जातींचे, वेगळ्या आकारांचे कण तंतोतंत एका चालीने जात असतील तर प्रवाहाची बाजू बरीच भक्कम होते. अंडपेशीच्या आत काम याहून सोपे आहे. तेथे पीतकाचे, म्हणजे अंड्यातल्या बलकाचे, कण आयतेच असतात, साध्या प्रकाशातही दिसतात, आणि ते पोषक पेशींतून आलेले नसून बाहेरून शोषलेले असतात. 10ब नंतर अंडपेशीत जो वेगवान भोवरा फिरू लागतो, जो कायनेसिन सूक्ष्मनलिकांवर काम करून निर्माण करतो, त्यात पीतकाच्या कणांबरोबर तंतुकणिकाही गरगर फिरताना दिसतील. त्याला “तंतुकणिकांचे वहन” म्हणणे म्हणजे पाळण्यात बसलेल्याला चालला म्हणण्यासारखे आहे.

आता माझी फजिती. सुरुवातीच्या वर्षांत मला एका पुटकात अंडपेशीकडे जाणारा सुरेख, सलग ओघ दिसला. तीन दिवस मी तो प्रत्येकाला बोलावून दाखवत होतो. चौथ्या दिवशी एका विद्यार्थ्याने विचारले की अंडपेशीच्या मागच्या टोकाला बाहेर हे काय साचले आहे. आच्छादक काचेच्या भाराने अंडपेशी मागच्या बाजूने फुटली होती आणि सगळे पेशीद्रव त्या भोकाकडे निघाले होते. मी गळतीचे वेग मोजत होतो. तेव्हापासून आच्छादक काचेखाली दोन्ही बाजूंना फुटक्या काचेचे तुकडे टेकू म्हणून ठेवल्याशिवाय किंवा हॅलोकार्बन तेलात उघडे पुटक ठेवल्याशिवाय मी चित्रण केले नाही, आणि पुटकाची बाह्यरेषा पहिल्या आणि शेवटच्या चित्रात जुळते का, हे आधी पाहतो. आपणही आपल्या व्हिडिओत ते आधी पाहावे. एकाच पट्टीवरची दोन पुटके वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असतील आणि दोन्हींतला ओघ आपापल्या अंडपेशीकडे असेल, तर गळतीची आणि काच कलल्याची शंका बरीच कमी होते.

पूर्वतयारीबद्दल थोडेच सांगतो. माद्यांना दोन-तीन दिवस ओले यीस्ट भरपूर द्यावे. उपाशी मादीत मधल्या अवस्थांची पुटके फारशी मिळत नाहीत. कोवळी पुटके बाहेर टिकवायची तर श्नायडर या कीटकपेशींसाठीच्या पोषक माध्यमात इन्सुलिन लागते. 10ब च्या पुढची पुटके त्या मानाने सोशिक असतात. कोल्चिसिन विषारी आहे, हातमोजे घालावेत. आणि त्याऐवजी सूक्ष्मनलिकाच मोडणारे नोकोडाझोल वापरले तर ते ज्या द्रावकात विरघळवले त्या नुसत्या द्रावकाचे नियंत्रण स्वतंत्र हवे.

कोल्चिसिनचा प्रयोग आपण केला आहे तर तो वाया घालवू नये. त्याचा नेमका उपयोग असा: मधल्या अवस्थेत हालचाल थांबते आणि ओतण्याच्या अवस्थेत थांबत नाही, हे दोन्ही एकाच मांडणीत दाखवता आले तर आपले औषध काम करत होते, पेशी जिवंत होत्या आणि दोन अवस्थांची यंत्रणा वेगळी आहे, या तीन गोष्टी एका आकृतीत येतात. पदव्युत्तर प्रबंधासाठी ही चांगली, प्रामाणिक आकृती आहे. तिच्याखाली लिहायचे वाक्य “मोटर प्रथिने तंतुकणिका वाहून नेतात” असे नसावे. “या अवस्थेतील तंतुकणिकांची हालचाल सूक्ष्मनलिकांवर अवलंबून आहे” एवढेच असावे. आपल्या मार्गदर्शकांना हे वाक्य मिळमिळीत वाटेल, पण परीक्षकाने त्यावर बोट ठेवायला जागा राहणार नाही.

रिंग कॅनालमधला आणि त्यापलीकडचा वेग काढायला मात्र नव्या माश्या, नवा रंग, काहीच लागत नाही. आपल्याकडे असलेल्या व्हिडिओतला एखादा स्पष्ट रिंग कॅनाल निवडावा, त्याची रुंदी मोजावी आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या पहिल्या दहा ठिपक्यांचा माग काढावा. ते पेशीत शिरल्यावर मंदावतात की त्याच चालीने पुढे जातात, हे आज संध्याकाळपर्यंत कळू शकेल.